निखाडे स्वतः येतात

हटवारकाका कुठलीही वेबसाइट बघायला बसले की आधी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायचे, लॅपटॉपच्या कडेवर बोटानं टकटक करायचे आणि विचारायचे, "कोनी आहे का?" मग थांबायचे. आतून कोणी 'या' म्हणेल अशी वाट बघितल्यासारखे खरंच थांबायचे. पहिल्यांदा मला हसू आलं. पुढे पुढे त्या थांबण्यात मीही श्वास धरून बसायला लागले, आणि ते मला आवडेनासं झालं.

हिंदी मुलखातल्या आमच्या पोलादनगरीत, सेक्टर सहामध्ये, आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये ते एकटे राहतात. नोकरीभर त्यांनी प्लँटच्या गेटवर बसून बाहेरच्यांना पास दिले. तुम्ही कोण, कोणाला भेटायचं, कशासाठी, हे विचारण्यात आयुष्य गेलं. दूधवाल्याला ते आजही दारात विचारतात, "किससे मिलना है?" तो बिचारा रोज म्हणतो, "आप ही से, दादा." मग पातेलं पुढे होतं.

मी घरी बसून छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट बनवते. लोक वेबसाइटवर यायचे, बघायचे आणि फोन न करताच निघून जायचे. का, ते मला कळेना. म्हणून एकदा काकांना म्हटलं, "तुमी पहिल्यांदाच आलेले पाहुणे आहात असं समजा, आन भरवसा येते का ते सांगा."

काकांनी ते फारच मनावर घेतलं. वेबसाइटवरचा प्रत्येक नंबर ते फिरवून बघायचे. पत्ता दिसला की सायकल काढायचे. एका पंपवाल्याचं 'मुख्य कार्यालय' बघून आले आणि म्हणाले, "तिथं म्हशी बांधल्या आहेत बेटा. म्हशीनं सांगितलं, साहेब बाहेर गेले." त्यांचा निकाल बहुतेक वेळा एकच असे, "दार आहे, मानूस नाही."

कानाला हेडफोन लावून हसणारी एक मुलगी मी सगळ्या वेबसाइटवर टाकत असे. फुकट मिळणारा फोटो. काकांनी तिला लगेच पकडलं. "हे पोरगी दातवाल्या डॉक्टरकडेबी आहे, ड्रायव्हिंग स्कूललेबी आहे. तिले किती नोकऱ्या आहेत?" मग ती त्यांना जिथेतिथे दिसायला लागली. एका दुपारी ते येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "तिचे डोळे पाह्य. आपल्याकडे वाटतात, पन ते कोनाकडेच पाहून नाही राहिली." मी नीट पाहिलं. खरंच होतं. त्याच दिवशी मी तिला सगळीकडून काढून टाकलं.

त्यानंतर आले निखाडे. पावर हाउस बाजारात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं इवलंसं दुकान होतं. काका म्हणाले, फोटो मालकाचाच पाहिजे.

"माहं तोंड पाहून गिऱ्हाईक पळन," निखाडे म्हणाले.

"पळू दे. पन तोंड तुहंच पायजे."

निखाडे मुठीत स्क्रू पिळायचा पेचकस धरून असे बसले, जणू कोणाचा खून करायला निघालेत. काका फोटोकडे बघून खूश झाले. "आता कोनीतरी आहे." मग त्यांनी मला खरा पत्ता, खरा नंबर लिहायला लावला. कुठली मशीन दुरुस्त करता येत नाही तेही लिहायला लावलं. निखाडे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करत, म्हणून सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत हिंदीत एक ओळ आली: 'मैं ख़ुद आता हूँ.'

आणि फोन यायला लागले. काका रोज दुपारी सायकलनं निखाड्यांच्या दुकानात जाऊन बसू लागले. दोघं फारसं बोलत नसत. निखाडे तेल घालत, काका बघत.

मग निखाडे गेले. दुकानातच, काम करता करता. त्यांची बायको भंडाऱ्याकडे भावाच्या गावी निघाली तेव्हा मी विचारलं, वेबसाइट बंद करू का? ती म्हणाली, "राहू दे वं. तेवढा एकच फोटो चांगला आहे त्यायचा." मी राहू दिली, आणि कामाच्या गडबडीत विसरून गेले.

थंडी पडायला लागली होती. एका दुपारी सहज ती वेबसाइट उघडली तर फोटोखाली गिऱ्हाइकांचे नवे अभिप्राय होते. तारखा त्याच आठवड्याच्या. एकानं लिहिलं होतं, 'निखाडेजी ख़ुद आए. मशीन अब बढ़िया चल रही है.' दुसऱ्यानं, 'बहुत कम बोलते हैं.' आणि जवळच्याच चरोदा गावच्या एका वर्माबाईंनी, 'जब तक दरवाज़ा नहीं खुला, चुपचाप बाहर खड़े रहे.'

मग निखाड्यांचा नंबर लावला. वाटलं, बंद असेल. पण रिंग गेली, आणि कोणीतरी अगदी हळू, वाऱ्यात उभं राहून बोलावं तसं बोललं, "निखाडे सिलाई मशीन." मी फोन ठेवला. लगेच तो उलटा वाजला. स्क्रीनवर निखाड्यांचं नाव, आणि मीच लावलेला तो पेचकसवाला फोटो. वाजून वाजून थांबेपर्यंत मी त्याला हात लावला नाही.

संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं. त्यांचं गळ्याचं बटण लावलेलं, नजर जमिनीकडे. ऐकून म्हणाले, "मंग वाईट काय झालं? काम तं होऊन राहिलं लोकायचं." मग म्हणाले, "काढू नको ते."

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, दूधवाल्याला 'कोण' विचारणाऱ्या माणसानं आज 'कोण' विचारलंच नव्हतं. त्याची मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून चरोद्याला गेले. रेल्वे कॉलनीत वर्माबाईंचं क्वार्टर सापडलं. बाई घरी ब्लाउज शिवत. मी वेबसाइट बनवणारी म्हटल्यावर त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"निखाडेजी? भले आदमी हैं," त्या म्हणाल्या. "फोटो से बहुत दुबले हो गए हैं. मैंने पूछा, तबीयत ठीक है? बोले, अब कोई तकलीफ़ नहीं." त्या सांगत होत्या, "मशीन ले गए, दूसरे दिन बनाकर ले आए. चाय दी, तो बड़ी देर बैठे रहे. बस बैठे रहे. आज फिर आएँगे, बॉबिन केस देने."

त्या बोलत असतानाच दारावर टकटक झाली. मग काही नाही. कोणी दुसऱ्यांदा वाजवलं नाही, हाक मारली नाही. बाहेर कोणी आहे एवढंच कळत होतं. बाईंनी दार उघडलं.

खांद्याला निखाड्यांची अवजारांची पिशवी लावून हटवारकाका उभे होते.

"काका?" मी म्हटलं.

"ये तो निखाडेजी हैं," वर्माबाई म्हणाल्या.

"निखाडेजी तो गुज़र गए."

बाईंनी पदर आवळला आणि एक पाऊल मागे सरकल्या. "तो आप कौन हैं?"

जन्मभर हा प्रश्न काकांनीच दुसऱ्यांना विचारला होता. रेल्वेच्या यार्डात डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला. काकांनी बॉबिन केस खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि ते निघाले. सायकलवर बसलेसुद्धा नाहीत, हातात धरून चालत गेले.

मी त्यांना कॉलनीच्या कोपऱ्यावर गाठलं. निखाड्यांच्या बायकोकडून त्यांनी सिम आणि पिशवी मागून घेतली होती. मशीन सुपेला भागातल्या एका मिस्त्रीकडे नेऊन दुरुस्त करून आणत होते.

"हे कावून केलं काका?"

"पहिला फोन आला तवा सांगनारच होतो, का तो गेला म्हनून. पन फोनवरची बाई म्हने, निखाडेजी, आपका फोटो देखके भरोसा हुआ. मंग माह्या तोंडातून निंगालंच नाही." त्यांनी सायकल दुसऱ्या हातात घेतली. "तो फोटो मी काढाले लावला होता ना बेटा. फोन कोनी उचललाच नसता तं लोक म्हनले असते, हाबी खोटाच होता."

"पण लोकांना खोटं नाव सांगितलं तुमी."

"हो. मी गेटवर असतो तं मले आत सोडलं नसतं."

बरंच अंतर चालल्यावर, मी काही विचारलं नसताना ते म्हणाले, "माह्या फोनवर कोन बोलते? लोन पायजे का, विमा पायजे का. त्या नंबरवर लोक विचारत, कधी येता. कोनाच्या घरी गेलो का खुर्ची सरकवत. मी बसून राहाचो. उठाले मन नाही लागे."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच वर्माबाईंकडे गेले, आणि दाराबाहेर उभं राहून स्वतःचं खरं नाव सांगून आले. मला एवढंच म्हणाले, "चहा नाही देल्ला. बरोबर केलं तिनं."

मी निखाड्यांच्या बायकोला फोन करून वेबसाइट बदलू का, ते विचारलं. ती आधी रडली, मग हो म्हणाली. निखाड्यांच्या फोटोखाली आम्ही लिहिलं की ते आता नाहीत. मशीन त्यांचे मित्र हटवार घेऊन जातील, सुपेल्याचे मिस्त्री दुरुस्त करतील आणि हटवारच परत आणून देतील. बाजूला काकांचा फोटो लावायचा होता. तो काढताना फार त्रास झाला. दरवेळी ते डोळे मिटत. शेवटी एका फोटोत उघडे सापडले, जरा घाबरलेले.

त्यानंतर त्या नंबरचा फोन वाजेनासा झाला. मेलेल्या माणसाच्या वेबसाइटवरून कोण मशीन दुरुस्त करून घेणार, असं मला वाटलं. काका रोज दुपारी आमच्या व्हरांड्यात येऊन बसत आणि फोन समोरच्या स्टुलावर ठेवत.

मी मटार सोलत होते, तेव्हा तो वाजला. काकांनी कानाला लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, कोणी त्यांना शिव्या देतंय. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"चरोद्याहून आहे. वर्माबाईच्या शेजारीन. तिनंच नंबर देल्ला म्हने."

"मग?"

"हटवार पायजे म्हनून राहिली."

"मग बोला ना काका."

ते उठून उभे राहिले. खोलीत कोणी आल्यावर उठावं तसे. घसा साफ केला, हात बाजूला केला.

"हाँ जी," ते फोनमध्ये म्हणाले. "मैं ही हूँ."