बोसोमत्वेमार्गे जिनिव्हा

जिनिव्हाच्या सरोवराबद्दल मला काहीही विचारा! लांबी विचारा, खोली विचारा, सकाळी पाण्याचा रंग कसा आणि दुपारी कसा, तेही विचारा. कुमासी शहरातल्या शाळेत एकतीस वर्षं मी भूगोल शिकवतोय आणि ते सरोवर इतक्या वेळा फळ्यावर काढलंय, की डोळे मिटूनही काढून दाखवीन. प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, एवढीच काय ती उणीव! ती यंदा भरून काढायची, असं मी ठरवलं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, आयुष्यात एकच मोठी सहल करायची होती, आणि ती जिनिव्हाचीच. व्हिसासाठी नवा सूट घालून फोटोसुद्धा काढून आणला होता.

व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं. फोटोवाल्याने मला तीनदा दटावलं. चौथ्या वेळी मी असा काही गंभीर झालो, की फोटो पाहून माझी बायको सेरवा म्हणाली, "मास्तर, हा कुणाला दाखवू नका. लोक दुखवट्याला येतील!"

सेरवाला जिनिव्हा नको होतं.

"आणि बोसोमत्वे?" ती म्हणाली. "वीस मैलांवर एवढं मोठं सरोवर. तुमच्या आईचं गाव त्याच्या काठावर. आणि तुम्ही अजून तिथे पाय ठेवला नाहीत! आधी आपला देश बघू, मोलेच्या जंगलातले हत्ती बघू, मग लोकांच्या दारात जाऊ."

"बोसोमत्वेला आहे काय? पाणी!"

"आणि जिनिव्हात काय आहे? फुफू मिळतो का खायला?"

शेवटी तह झाला. मी एक दिवस बोसोमत्वेला जायचं. संध्याकाळी परत येऊन तिच्या तोंडावर 'तिथे काही नाही' असं म्हणायचं. म्हटलं, की जिनिव्हा! म्हणता आलं नाही, तर आधी हत्ती.

"आणि खोटं बोलायचं नाही," सेरवा म्हणाली. "खोटं बोललात की तुमचे कान हलतात."

मी मनात म्हटलं, जिनिव्हा जिंकलं! पाणी बघून मला काय होणार होतं?

आता डार्को मामांबद्दल सांगायला हवं. हे माझ्या आईचे भाऊ. चोविसाव्या वर्षी बोसोमत्वेच्या काठावरून उठले, जहाजावर चढले आणि अठरा देश फिरून हॅम्बर्गला स्थायिक झाले. आई तान्हेपणीच कुमासीला आली होती, त्यामुळे गावाशी आमचा संबंध नावापुरताच. मामा मात्र दर नाताळला पत्र पाठवायचे: पुढच्या वर्षी गावी येतो. चौपन्न वर्षं ते पुढचं वर्ष काही आलं नाही. गेल्या महिन्यात आले, ते शवपेटीतून.

आमच्यात माणसाचा वारस त्याचा मुलगा नव्हे, बहिणीचा मुलगा. म्हणजे मामांचा मी. अंत्यविधीत पहिल्या रांगेतला दुःखीही मीच. आणि अंत्यविधी म्हटला की भिंतीभिंतीवर मोठं पत्रक लागतं, मधोमध मृताचा फोटो, खाली आप्तांची नावं. मामांचा एकच फोटो आमच्याकडे होता, जहाजावर चढण्याआधीचा. काळे कुळकुळीत केस, सडपातळ अंग. मी म्हटलं, कोपऱ्यात मुख्य भाच्याचाही फोटो असू द्या. हौस हो, दुसरं काय! सूटमधला फोटो आयता होताच.

दोन्ही फोटो मी 'तरीही देवच' नावाच्या छापखान्यात दिले. "गावाचा गठ्ठा परस्पर ट्रोट्रोने पाठवून दे," असंही सांगून टाकलं. सेरवा म्हणाली होती, भाचा आहात, स्वतः जाऊन सांगा. पण प्रवासी कोंबून नेणारी ट्रोट्रो गाडी जाते ना रोज! मी ते पत्रक डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही. एवढं लक्षात ठेवा.

गुरुवारी सकाळी निघालो. हरमाटनचे दिवस. उत्तरेकडची धूळ आली होती आणि सूर्य पांढऱ्या चकतीसारखा लटकत होता. ट्रोट्रोत मला डुलकी लागली. मधेच गाडी एका खड्ड्यात अशी आदळली, की माझं डोकं टपाला आपटलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पुन्हा डोळे उघडले तेव्हा गाडी थांबली होती, आत मी एकटाच होतो आणि ड्रायव्हर खाली उतरून, दूर उभा राहून माझ्याकडे टक लावून बघत होता.

"आलं का गाव?" मी विचारलं.

त्याने नुसती मान हलवली. मी उतरताच त्याने गाडीत उडी मारली आणि गाडी तशीच मागे घेत घेत तो वळणाआड गेला.

गावातून पाण्याकडे उतरणारी एकच वाट होती. डावीकडच्या घरासमोर एक बाई धान्य कांडत होती. मी म्हटलं, "माउली, सरोवर इकडेच ना?" मुसळ वरच्या वर थांबलं. बाईने मुसळ हळूच खाली ठेवलं, माझ्याकडे पाठ केली आणि आत गेली. आतून कडी लागली. मग पुढच्या घराची लागली. मग त्याच्या पुढच्या. मी चालत होतो आणि माझ्या पुढे पुढे कड्या लागत होत्या. एक कुत्रं भुंकत आलं, मला हुंगलं आणि आवाज न करता मागे मागे सरकत गेलं.

शहरी माणूस बघून लाजत असतील, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण दुसरा कसलाच आवाज नव्हता.

आणि मग पाणी दिसलं. मी ज्या सरोवरांची चित्रं काढतो, त्यांना पलीकडचा काठ असतो. याला नव्हता! धुळीत पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं झालं होतं. लाट नाही, वारा नाही. दूरवर चार माणसं पाण्यावर बसल्यासारखी दिसत होती. फळीवर बसून हातांनी वल्हवतात इथले कोळी. पाण्याला लोखंड लागू द्यायचं नाही, अशी इथली रीत आहे. मला ती ठाऊक होती, पण घसा कोरडा पडला होता. मी स्टीलची बाटली काढली आणि सरळ पाण्यात बुडवली.

चारही फळ्या जागच्या जागी थांबल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. चौघे नुसते बघत राहिले. त्यांनी मला चांगलं झोडपलं असतं, तर बरं वाटलं असतं!

मला एकदम आठवलं, की आमच्यात म्हणतात, माणूस मेला की त्याचा आत्मा आधी बोसोमत्वेवर येतो, पाण्याचा निरोप घेतो आणि मगच पुढे जातो. वर्गात मी मुलांना सांगतो, ते उल्का पडून झालेलं विवर आहे, बाकीच्या गप्पा. पण वर्ग कुमासीत होता आणि मी इथे होतो. ट्रोट्रोतली ती आदळ आठवली. ती अंधारी आठवली. खाली बघितलं, तर माझी सावली नव्हती!

मी भूगोलाचा मास्तर. धुळीत सावली का पडत नाही, हे मी वर्गात तीन मुद्द्यांत समजावतो. तेव्हा मला एकही मुद्दा आठवला नाही. मी नाडी बघितली. लागेना! नाडी मला कधीच सापडत नाही, हेही तेव्हा आठवलं नाही. सेरवाला फोन लावला, तर एका बाईने थंडपणे सांगितलं, की या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही.

मागे पावलं वाजली. सहा-सात म्हातारे उभे होते. सगळ्यांत पुढच्याने हातातली दारू माझ्या पायांसमोर जमिनीवर ओतली.

"घे, पी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "शांतपणे जा. आमच्यातल्या कुणाला सोबत नेऊ नकोस."

"नाही, नाही! मी एकटाच आलोय!" मी घाईघाईने म्हटलं.

म्हातारे असे शहारले, की मलाही शहारा आला. ते पाठ न दाखवता मागे सरकत गेले, पण त्यांच्यामधून काठी टेकत एक म्हातारी पुढे आली. डोळे पांढुरके, कमरेत वाकलेली, हातात पानावर मासा.

"पोमा, जाऊ नकोस!" कुणीतरी ओरडलं.

"गप रे! मी नाही भीत त्याला," ती म्हणाली आणि थेट माझ्यापुढे येऊन बसली. "आलास का एकदाचा! चौपन्न वर्षं!"

"आजी, मी..."

"आजी कुणाला म्हणतोस? तुझ्याहून वर्षाने लहान आहे मी! दोन पावसाळ्यांत येतो म्हणाला होतास. मी रोज इथे येऊन बसायचे. आधी तुझी वाट बघायला. मग सवयीने. कुठे कुठे फिरलास, सांग तरी."

"कुठेच नाही हो," मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "जिनिव्हाला जायचं राहिलंय अजून."

"अजून? मेल्यावरसुद्धा?"

"मेल्यावर?"

"सगळ्या भिंतींवर लागलंय की! तुला कुणी सांगितलं नाही का?" तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "असं होतं म्हणतात. पहिल्यांदा कळत नाही."

झालं! आता आणखी काय विचारायचं? मी पाण्याच्या काठावर बसून ढसाढसा रडलो. मरायचं दुःख नव्हतं, खरंच नव्हतं. पंचवीस वर्षांत मी सेरवाला कुठेच नेलं नव्हतं. नकाशावर सगळं जग दाखवलं आणि वीस मैलांवर तिला घेऊन आलो नाही. आता फळ्यावर काढलेलं सरोवर तिच्या काय कामाचं!

"रडू नकोस," पोमा म्हणाली. "पाण्यात हात घाल आणि शपथ घे. आपलं पाणी सोडून पुन्हा परदेशाचं नाव काढणार नाही."

मी हात घातला आणि घेतली शपथ. मेलेल्या माणसाला जिनिव्हाचा काय उपयोग होता?

"आता खा. पत्रकावर तुझा भाचा बघितला हं. अगदी तुझ्या तरुणपणासारखा दिसतो. तूही त्या थंडीत बरा टिकलास, अठ्ठ्याहत्तरचा वाटत नाहीस."

मी मासा तोंडात टाकला. असा तिखट, की नाका-डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला. ठसकता ठसकता मी थांबलो. मेलेल्यांना ठसका लागतो का? आणि अठ्ठ्याहत्तर? मी अठ्ठावन्नचा आहे!

मी उठलो आणि गावाकडे धावत सुटलो. पुन्हा फटाफट कड्या लागल्या. ट्रोट्रो थांबते तिथल्या, उतरताना माझ्या पाठीशी राहिलेल्या भिंतीसमोर येऊन थबकलो. भिंतीवर मी होतो! हातभर उंच, नव्या सुटात, व्हिसासाठी गंभीर. वर ठळक अक्षरांत 'केवढा हा धक्का!', खाली 'कै. डार्को, वय ७८'. आणि कोपऱ्यात काळ्या कुळकुळीत केसांचे मामा, 'मुख्य शोकाकुल भाचा'. छापखान्यातल्या पोराचं तरी काय चुकलं? दोन फोटोंतला मेलेला कुठला, हे कुणालाही सांगता आलं असतं!

जीवात जीव आला. सगळ्यांना खरं सांगावं म्हणून मी हसत हसत परत काठाकडे गेलो. पोमा आजी घोटाभर पाण्यात उभी होती आणि त्या कोळ्यांना ओरडून सांगत होती, "म्हटलं नव्हतं मी? सगळं जग फिरला, पण शेवटी आपल्याच पाण्यावर आला! मला भेटून गेला!" ती रडत होती आणि हसत होती. मी तसाच मागे फिरलो आणि मोठ्या रस्त्यापर्यंत चार मैल चालत गेलो, कारण मला बघून एकही ट्रोट्रो थांबेना.

घरी सेरवा दारातच उभी होती. "काय मास्तर? काय होतं तिथे?"

"काही नाही," मी म्हटलं.

ती माझ्या कानांकडे बघत राहिली. मग मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली, की शेजारीण बघायला आली. मात्र शपथेचं ऐकून ती एकदम गंभीर झाली.

"म्हणजे जिनिव्हा संपलं."

"अगं, ती शपथ मामांच्या नावाची होती!"

"आणि मामांचा वारस कोण?"

मी उठलो आणि व्हिसाचे उरलेले फोटो कपाटाच्या तळाशी ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी सेरवाने गावात फोन करून म्हाताऱ्यांना खरं काय ते कळवलं. ते हसले म्हणे, आणि बाटलीचा दंड म्हणून माझ्याकडून एक मेंढी ठरवून टाकली. पोमा आजीला मात्र काही सांगू नका, एवढं मी विनवलं होतं. त्यांनी ते मानलं.

शनिवारी अंत्यविधीला ती येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! काळी-लाल वस्त्रं नेसलेली माणसं, ढोल, नाच, आणि पहिल्या रांगेत काळा चष्मा लावून बसलेला मी. गावाची माणसं हात मिळवत रांगेने पुढे सरकत होती, गालातल्या गालात हसत होती. पोमा आजी काठी टेकत माझ्यासमोर आली आणि थांबली. तिने चष्म्याआड वाकून बघितलं. मग पेटीकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"बघ गं," ती शेजारणीला कोपराने ढोसत म्हणाली, "अजून गेलेला नाही! मेल्याची फिरायची हौस काही फिटत नाही!"

आणि माझ्या कोटाच्या खिशात तिने पानात गुंडाळलेला एक मासा सरकवला. "वाटेत खा," ती कानाशी पुटपुटली, "पण त्या जिनिव्हाच्या वाटेला जाऊ नकोस!"