कंग्राळीचा निळा कोट

माणूस गाव, पक्ष, प्रसंगी देवसुद्धा बदलू शकतो. हाताला बसलेला प्रोग्राम मात्र बदलू शकत नाही. कंग्राळीच्या महादेव फोटोवाल्याला हे सत्य गावातल्या मल्लाप्पाच्या ऐन बाराव्याच्या आदल्या दिवशी कळलं.

बावीस वर्षं महादेवानं एकाच प्रोग्रामवर पंचक्रोशीतल्या मयतांचे फोटो केले. कार्यपद्धती ठरलेली. लग्नाच्या घोळक्यातून मुंडकं कापायचं, चार छटा गोरं करायचं आणि निळ्या कोटावर बसवायचं. कोटाची फाईल एकच. शंभरातले सत्त्याण्णव जण याच कोटात स्वर्गवासी झाले (उरलेले तिघे वकील, त्यांचे कोट स्वतःचे होते). जन्मभर गुडघाभर चिखलात भात लावलेला माणूसही भिंतीवर चढताना तहसीलदार दिसायचा. महादेव याला कला म्हणायचा, आणि गावाचीही हरकत नव्हती.

मग जुना कॉम्प्युटर गेला. नव्यावर जुना प्रोग्राम चालेना. नव्या प्रोग्राममध्ये सगळं होतं, फक्त सवयीच्या जागी नव्हतं. गोरं करायचं बटण दाबावं तर फोटो उलटा होई. मुंडकं उचलावं तर गायब. कोटाची फाईल तर उघडेचना.

"बावीस वर्सं ह्यात घालवली, आन् आता ह्यो मला शिकवतोय!" म्हणत महादेवानं सहा तास स्क्रीनला शिव्या घातल्या. (शिकायला तास पुरला असता, पण अनुभवी माणसाला तेवढी सवड कुठली?)

शेवटी त्यानं मल्लाप्पाचा फोटो होता तसाच छापला. गोठ्यासमोर उभा, गुंड्या उघड्या, उन्हानं रापलेला, पुढचा दात तुटलेला, खदाखदा हसणारा.

मल्लाप्पाचा मुलगा रविराज बघतच राहिला. "महादेवअण्णा, ह्ये कोण वो?"

मल्लाप्पाची बायको चंद्राबाई मात्र त्या तुटक्या दातावर बोट ठेवून अकरा दिवसांत पहिल्यांदाच मोकळी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "व्हय, ह्येच आमचं मालक. पर उद्या पावणं येत्यात. त्यास्नी वळखू यायचं न्हाई. कोट घाला."

कोट तर उघडत नव्हता. तेव्हा शेजारच्या कै. यल्लाप्पाची गेल्या वर्षीची, त्याच निळ्या कोटातली फ्रेम एका दिवसासाठी मागून आणली. बाराव्याला दोनशे चौदा जणांनी तिला फुलं वाहिली. पैकी एकशे नव्वदांनी "हुबेहूब मल्लाप्पा!" असा अभिप्राय दिला (बाकीचे थेट जेवायला बसले). यल्लाप्पाची बायको अंबुबाई, जिनं स्वतःच्या हातानं फ्रेम दिली होती, तीही मल्लाप्पाच्या आठवणीनं हळहळली.

हसरा फोटो भिंतीसाठी अपात्र ठरला. तो चंद्राबाईच्या ट्रंकेत आहे. गावाला एक फ्रेम पुरते असं ध्यानात येताच महादेवानं नवा प्रोग्राम शिकण्याचा विषय कायमचा बंद केला.

वाचकहो, खुशाल हसा. पण आपल्यामागं लावायचा म्हणून मोबाईलमध्ये एक फोटो तुम्हीही मनाशी ठरवून ठेवलाय. तो आत्ता घरच्यांपुढं धरा, "हा कोण?" म्हणून विचारा, आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा.