हवाबंद

"ही पेटी आहे की चाळणी?" बाबांनी कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवरचा रिकामा कॅबिनेट उलटा करत विचारलं. "पुढे भोकं, मागे भोकं, वर तर नुसती जाळीच! यात थंडावा टिकणार?"

"बाबा, हवा आत-बाहेर होत राहायला लागते," लेक दबक्या आवाजात म्हणाली. गेमिंगचा कॉम्प्युटर तिचा, पैसे तिचे, यादीही तिनेच महिनाभर खपून केलेली. बाबांना कोणी बोलावलं नव्हतं. म्हणूनच ते आले होते.

"मला हवा शिकवू नकोस. बत्तीस वर्षं कोल्ड स्टोरेज सांभाळलंय मी! दाराला बोटभर फट राहिली तर रात्रीत शंभर पोती बटाटे सडतात."

दुकानदार बिचारा एकेक वस्तू मांडत होता आणि बाबांना प्रत्येक वस्तूचा वेगळा राग येत होता. ग्राफिक्स कार्ड विटेएवढं कशाला? रॅमला दिवे कशाला, तिला काय अंधाराची भीती वाटते? एका बाजूला काच कशाला, आत मासे सोडायचेत का? लेकीने शेवटी त्यांना चहाला पिटाळलं आणि दहा मिनिटांत खरेदी उरकली.

तिला घाई होती. रविवारी दुपारी चारला ऑनलाइन गेमिंग स्पर्धेची पात्रता फेरी होती. संघ पाच जणींचा, राखीव कोणी नाही आणि कप्तान ही. मागच्या वर्षी हिचा जुना लॅपटॉप ऐन सामन्यात मान टाकून बसला आणि सगळा संघ घरी गेला. चौघींनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण ते हिला जास्तच लागलं होतं.

गुरुवारी रात्री तिने मशीन जुळवलं आणि शुक्रवारी ती आणि आई आपापल्या कामावर गेल्या. घरात बाबा आणि ती भोकं, दोघंच उरले. बाबांना काही ते बघवेना. त्यांनी धुळीच्या जाळ्या काढल्या, हत्यारांच्या जुन्या पेटीतली काळी इन्सुलेशन टेप आणली आणि चार तास बसून आतून एकूण एक भोक बुजवलं. वर जाळ्या होत्या तशा बसवल्या. कॅबिनेट काळा, टेप काळी, कोणाला कळणार? "आता बघू कुठून जातो थंडावा!" ते स्वतःशीच म्हणाले. सांगितलं मात्र कोणालाच नाही. आधी गुण दिसू दे, मग आठवडाभर सांगू, असा त्यांचा बेत होता.

संध्याकाळी लेकीचा सराव सुरू झाला आणि सातव्या मिनिटाला मशीन बंद. पुन्हा सुरू केलं, सहाव्या मिनिटाला बंद. काचेवर हात ठेवला तर चटका बसत होता.

"फसवलं त्या दुकानदाराने!" बाबा कडाडले. "पंख्यात दमच नाही. शिकल्यासवरल्या पोरीला टोपी घातली!"

शनिवारी लेकीने चपलेच्या खोक्याएवढा मोठा कूलर आणून मशीनला बसवला. मशीन नऊ मिनिटं चाललं. आई जाता जाता तापलेल्या काचेला हात लावून म्हणाली, "राहू दे गं तसंच. माझे कपडे तरी वाळतील." बाबांना हा टोमणाही दुकानदाराचाच अपराध वाटला.

रविवारी दीड वाजता मशीन चादरीत गुंडाळून बाप-लेक दुकानात पोचले. लेक रडवेली झाली होती. बाबा मात्र पेटले होते.

"चार गिऱ्हाइकांसमोर उघडा हे!" ते गरजले. "बघू दे लोकांना, काय माल विकता ते!"

दुकानदाराने पुढची जाळी काढली. मग वरची. मग त्याने एका भोकात बोट घालून पाहिलं, तर ते टेपवरच अडलं.

"हे कुठल्या महाभागाने केलं? श्वास घ्यायला जागा नाही ठेवली हो!"

बाबांना अचानक छतावरचा पंखा फार बघण्यासारखा वाटायला लागला. लेकीने टेपचे नेटके कापलेले कोपरे पाहिले आणि तिला काय ते कळलं. ती संतापून बाबांकडे वळली. मग तिने बाबांच्या कानाकडे पाहिलं. तो लालबुंद झाला होता.

"मी केलं," ती म्हणाली.

बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"अक्कल गहाण टाकलीत, ताई," दुकानदार टेपवरून बोट फिरवत म्हणाला. "पण काम काय केलंय! एक सुरकुती नाही. हाताला कसब आहे तुमच्या. कुठे शिकलात?"

"असंच, बघून बघून."

"बघून?" बाबा उसळले. "बघून येतं हे? बत्तीस वर्षं घासावी लागतात! हिला साधं वहीला कव्हर घालता येत नाही! मी केलंय हे, मी!"

दुकानदाराने एक स्टूल पुढे सरकवलं. "मग बसा, काका. काढा आता तुम्हीच."

टेप निघता निघेना. आपण इतकं चांगलं काम का करतो, याचा बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच राग आला. शेवटची पट्टी निघाली तेव्हा पावणेचार झाले होते. घरी पोचणं शक्यच नव्हतं, म्हणून लेक दुकानाच्या काउंटरवरच खेळायला बसली. पाऊण तास मशीन थंडगार चाललं आणि संघ पात्र ठरला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंत ना, काका?" दुकानदार हसून म्हणाला. "सगळी भोकांची कमाल!"

बाबा स्टुलावरून ताडकन उठले.

"भोकांची? भोकं खेळत होती का? अहो, माझी पोरगी जिंकलीय, तिचं काही कौतुक आहे की नाही तुम्हाला?"