सोळुंके साहेबांचं जनावर

सोळुंके साहेब सुलतान बाजारात शिरण्याआधी वाऱ्याची दिशा बघतात.

ऑटोतून उतरलं की आधी कोपऱ्यावर उभं राहायचं, खिशातून मोबाईल काढायचा आणि एक अ‍ॅप उघडायचं. हे अ‍ॅप अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी केलेलं आहे. वारा कुठून वाहतोय, चंद्र केवढा आहे, आज जनावरं हिंडतील की दडून बसतील, हे सगळं त्यात दिसतं. हिंडण्याचा दिवस निघाला तर साहेब बाजारात घुसतात. नाही निघाला तर बनियन घ्यायचे राहिले तरी चालेल, पण आल्या पावली मलकपेठेला परत. "घाई केली की जनावर जातं," असं वर मलाच ऐकवतात. बनियनच्या दुकानात कुठलं आलंय जनावर, असं मी एकदा विचारलं होतं. "दुकानदार," ते म्हणाले.

माणिकराव सोळुंके आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे जुन्या हैदराबाद संस्थानातले शेतकरी घराण्यातले, वीज खात्यातून निवृत्त झालेले, लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेले. मी पुण्याचा. नोकरीसाठी हैदराबादला आलो आणि इथलाच झालो. साहेब राहायला येईपर्यंत बिल्डिंगमध्ये जंगलातला माणूस म्हणजे मी होतो. माझ्याकडे चांगली दुर्बीण आहे, पक्ष्यांची पुस्तकं आहेत आणि भरपूर खिशांची हिरवी पँट आहे. कुणाच्या खिडकीत घुबड येऊन बसलं की हाक मला यायची. मग साहेब आले आणि घुबडंसुद्धा त्यांच्याकडे जायला लागली.

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जेवण न उतरण्याइतका.

सगळ्यात जास्त लागलं ते प्लंबरचं. आमच्या भागातला प्लंबर फोन उचलत नाही आणि उचललाच तर "आतोंय साब" म्हणून पुढचे चार दिवस बेपत्ता होतो. साहेबांनी त्याच्यावर पाळत ठेवली. तो चहा कुठे घेतो, बिडी कुठे ओढतो, दुपारी कुणाच्या टाकीच्या सावलीत आडवा होतो, त्या सगळ्या जागांवर त्यांनी अ‍ॅपच्या नकाशात लाल खुणा टोचल्या. एक दिवस ते चहाच्या टपरीमागे कडुनिंबाला टेकून उभे राहिले, बिडीचा वास आपल्याकडे येईल अशा बाजूला. वास आला तसे पुढे झाले आणि प्लंबरला खांद्याला धरून थेट आमच्या बाथरूममध्ये आणून सोडलं. आमची ही त्या दिवशी नळ सोडून पुन्हा पुन्हा बंद करत होती, आनंदाने. मला म्हणाली, "इतकी वर्षं गळ्यात दुर्बीण घालून हिंडताय, तुम्हाला कधी प्लंबर दिसला?"



सूड उगवायची संधी मला मार्चमध्ये मिळाली. घरोघरी कूलर पुसून खिडकीला लावायचं चाललं होतं आणि साहेब संध्याकाळी बिल्डिंगखालच्या कट्ट्यावर येऊन गंभीरपणे म्हणाले, "आज बर्फ पडायलाय. निसरडं होईल." मी त्यांचा मोबाईल जवळजवळ हिसकावूनच घेतला. अ‍ॅपमध्ये हैदराबाद नव्हतंच. अमेरिकेत उत्तरेकडचं कुठलं तरी गाव होतं. म्हणजे हा माणूस तिकडच्या वाऱ्यावर सुलतान बाजारात बनियन घेत होता. मी ते चारचौघांत, जरा आवाज चढवूनच सांगितलं. साहेब ओशाळतील, अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी मोबाईल शांतपणे परत घेतला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या. वारं ते वारं." कट्टा हसला तो मला. आमचा वॉचमन यादगिरी तर म्हणाला, "गर्मी में बरफ का नाम सुने तो अच्छा लगता साब. आप कायकू जलरै?"

साहेबांचं नेहमीचं वाक्य म्हणजे "आमचं घराणं शिकारीचं." त्यांचे आजोबा म्हणे एका जहागीरदाराच्या शिकारीत असायचे. आता शिकार बंद आहे आणि बंदच पाहिजे, हेही तेच सांगतात. बंदूक त्यांनी आयुष्यात हातात धरलेली नाही. पण विकाराबादच्या रस्त्याला, रानाला लागून, त्यांच्या ओळखीच्या एका रेड्डींची आंब्याची बाग आहे. तिथल्या एका झाडाला साहेबांनी कॅमेरा बांधलाय. समोरून काही हललं की तो आपोआप फोटो काढतो आणि फोटो मोबाईलवर येतो. दर रविवारी साहेब सकाळी स्कूटर काढून एकटेच तिकडे जातात. बाग नेमकी कुठे, हे मी सरळ विचारलं, आडून विचारलं, हिच्याकरवी विचारलं. उत्तर एकच. "नक्को. लई माणसं गेली की जनावर बिचकतं."

आणि ते जनावर येत होतं, हेच माझं खरं दुखणं होतं.

संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर बसलेलो असायचो. साहेबांच्या खिशातून बदक ओरडल्यासारखा आवाज यायचा. तो अ‍ॅपचा आवाज. सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या. साहेब चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल अगदी नाकाशी धरून बराच वेळ बघायचे. मग त्यांचा चेहरा सैल पडायचा आणि ते म्हणायचे, "आला." फोटो कुणालाच दाखवायचे नाहीत. कुणी खोदून विचारलंच तर, "जुना आहे. उजवा पाय ओढतोय अजून. पण आला." एकदा दोनतीन दिवस आवाज आला नाही तेव्हा साहेब कट्ट्यावर बसले, पण चहा घेतला नाही.

जुना, पाय ओढणारा, रानातून एकटा येणारा. कट्ट्याने ठरवून टाकलं की हा बिबट्या. साहेबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी इतकी वर्षं रानोमाळ हिंडलो, पण बिबट्या मला एकदाही दिसलेला नाही. त्याची विष्ठा तेवढी पाहिली आहे, तीही दुसऱ्याने दाखवली म्हणून. आणि हा बनियनवाला शिकारी घरबसल्या रोज संध्याकाळी बिबट्या बघणार. त्या बदकाच्या आवाजाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला तो बिबट्या बघायचाच होता. एकदा बघितला असता, तरी कट्ट्यावरची माझी जागा मला परत मिळाली असती.

एका शनिवारी साहेबांच्या स्कूटरचा क्लच गेला. ते जिन्यात थांबले, घोटाळले, आणि रविवारी गाडीने सोडाल का, असं त्यांनी विचारलं. मी चेहऱ्यावर काही दिसू न देता हो म्हणालो. रात्रीच पँटचे सगळे खिसे भरून ठेवले.

सकाळी साहेब खाली आले ते पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून. डोक्याला तेल, भांग चापून पाडलेला आणि अंगाला अत्तर. रानात पांढरे कपडे आणि अत्तर! माझ्यातला जंगलवाला गाडीत कळवळत होता. पण बिबट्या त्यांचा होता, म्हणून गप्प बसलो. त्यांच्या मांडीवर एक डबा होता. त्यात आमिष असेल असं मी धरून चाललो होतो.

बागेच्या टोकाला, जिथे आंबा संपून झुडपी रान लागतं, तिथे एका बुंध्याला छातीच्या उंचीवर तो कॅमेरा बांधलेला होता. मी लगेच गुडघ्यांवर बसून ठसे शोधायला लागलो. शेळ्यांचे होते, पुष्कळ होते. मान वर केली तर साहेब कंगव्याने भांग नीट करत होते. मग ते कॅमेऱ्यासमोरून ताठ चालत गेले. परत आले. मधोमध थांबले, डबा उघडला आणि त्यातलं धपाटं काढून कॅमेऱ्याला दाखवलं.

"साहेब, तुम्ही मधे येताय," मी कुजबुजलो. "अशाने बिबट्या फिरकायचा नाही."

"कोण बिबट्या?"

तेवढ्यात त्यांच्या खिशात बदक ओरडलं. त्यांनी मोबाईल काढून बघितलं. धपाटं हातात घेतलेला त्यांचाच फोटो होता. "नीट दिसायलंय," ते म्हणाले, "गेलं आता अण्णाला."

मग ते बुंध्याशी बसले, अर्धं धपाटं मला दिलं आणि त्यांनी सांगितलं. अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. सगळं आयुष्य अमेरिकेत गेलं. घरामागेच रान आहे. तिथल्या शेजाऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जाता जाता ते अ‍ॅप, ते कॅमेरे यांचा नाद लागला. पुढे अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. व्हिडिओ कॉल लावला की वहिनी फोन समोर धरायच्या, अण्णा बोलायला जायचे, शब्द यायचा नाही, मग ते रडायचे. त्यांना बघून इकडे साहेब रडायचे. मग वहिनी दोघांवर ओरडायच्या. शेवटी कॉल बंदच झाले. मग वहिनींनीच जाणाऱ्या कुणाबरोबर एक कॅमेरा इकडे धाडला आणि तिकडचा आणि हा, असे दोन्ही कॅमेरे एकाच खात्यात जोडून दिले, म्हणजे इकडचा फोटो तिकडे दिसतो आणि तिकडचा इकडे. तिकडे सकाळ झाली की अण्णा काठी टेकत मागच्या झाडापर्यंत, कॅमेऱ्यासमोर येतात. इकडे संध्याकाळ असते.

"कॉल केला की बोलावं लागतंय," साहेब म्हणाले. "रानात कोण बोला म्हणतं? समोरून गेलं की झालं."

घराणं शिकारीचं म्हणजे काय, तेही तेव्हाच कळलं. आजोबा बंदूकवाले नव्हते. जनावर उठवायला रानात हाका घालतात, त्या हाकेकऱ्यांत होते. ही दोन पोरंही पत्र्याचे डबे बडवत त्यांच्यामागे जायची. झाडीत एकमेकांना दिसायची नाहीत, पण बाजूचा डबा वाजतोय तोवर भाऊ आहे, हे कळायचं. "आताबी तसंच आहे," ते म्हणाले. आणि ते बर्फाचं अ‍ॅप? निसरडं असलं की अण्णा घसरतील, म्हणून ते रोज तिकडचं हवामान बघत होते. लोकांना खरं का नाही सांगितलं, असं मी विचारलं. "सांगितलं की लोक विचारतात, कसा आहे भाऊ," ते म्हणाले.

बिबट्या हातचा गेला म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. पण तिथे बसल्या बसल्या मला वेगळाच हेवा वाटायला लागला. माझा भाऊ पुण्यात आहे, चांगला धडधाकट. रोज सकाळी मला फुलांचं चित्र पाठवतो आणि मी त्याला अंगठा पाठवतो.

"उभे राहा की," साहेब म्हणाले. "पाहुणे आलेत, बघू दे त्याला." मी माझ्या सगळ्या खिशांसकट कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. काय करावं सुचेना, म्हणून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर बदक ओरडलं. साहेबांनी मोबाईल नाकाशी धरला, पण "आला" म्हणाले नाहीत. मग उठून माझ्याजवळ आले आणि त्यांनी फोटो माझ्यासमोर धरला. पानं झडलेलं झाड, लोकरीची टोपी घातलेला एक म्हातारा माणूस, काठी झाडाला टेकवून ठेवलेली. त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून छातीपर्यंत आणला होता आणि दोन्ही हात जोडले होते.

"तो हात हलवा म्हणून डॉक्टर सांगून थकला. ऐकत नाही," साहेब म्हणाले. "तुम्हाला बघून उचलला. पाहुण्याला हात जोडल्याबगर राहायचा नाही तो." मग मोबाईल खिशात ठेवत म्हणाले, "मला नाही जोडले कधी."

ते माझ्याकडे बघत होते. ती नजर मी लगेच ओळखली. इतके दिवस मी त्यांच्याकडे तशाच नजरेने बघत होतो. त्या संध्याकाळी सोळुंके साहेबांना माझा हेवा वाटला आणि मला, सांगू नये पण, बरं वाटलं.

पुढच्या रविवारी मी न बोलावता तयार झालो. नवा शर्ट, थोडं अत्तरसुद्धा. खाली उतरलो तर साहेब माझ्या गाडीशी उभे होते आणि शेजारी यादगिरी, वॉचमनचा गणवेश कडक इस्त्री केलेला, मिशा पिळलेल्या.

"आज हा उभा राहील," साहेब म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी प्लंबर कबूल झाला होता, आणि त्याच्या पुढे आमची ही. प्रत्येक वेळी नवीन पाहुणा लागणार होता.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही नक्को. तुम्हाला बघितलं त्यानं. तुम्ही आता घरचे झालात," साहेब गाडीत बसत म्हणाले. "घरच्यांना कोण हात जोडतंय?"

गाडी मात्र मीच चालवली. बागेत यादगिरीने कॅमेऱ्याला असा सलाम ठोकला की आंब्यावरचे पोपट उडाले. मी झाडामागे, फोटोत येणार नाही अशा बेताने उभा होतो आणि त्याच्यावर जळत होतो. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि डब्यातलं एक धपाटं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.