विशे गुरुजींचा लाल खडू

आमच्या गावच्या शाळेतले विशे गुरुजी रोज वर्गात एक खोटं बोलतात. चुकून नव्हे, ठरवून. हजेरी झाली की जाहीर करतात, "पोरांनो, आज एक थाप मारणार हाय. पकडा." पकडणाऱ्याला लाल खडू. मात्र नुसतं "खोटं!" ओरडून भागत नाही. गुरुजी डोळे बारीक करून विचारतात, "कशावरून?" त्याचं उत्तर दिलं तरच खडू.

एकदा म्हणाले, म्हशीला वरच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. मधल्या सुट्टीत अख्खी पाचवी आमच्या गोठ्यात. सुट्टी संपली तेव्हा माझी सायली कोपरापर्यंत लाळेने माखलेला हात वर करून वर्गात शिरली, "नाय हायेत गुरुजी! एकपण नाय!"

मी भाताच्या गिरणीत नोंदी ठेवतो, त्यामुळे मोजायची सवय. सायलीच्या वहीवरून एका महिन्याचं मोजलं. शाळेचे दिवस चोवीस, थापा चोवीस, पकडल्या एकोणीस. उरलेल्या पाच गुरुजींनी त्या त्या शनिवारी स्वतःच फोडल्या. काम चोख होतं.

त्रास घरी सुरू झाला. "मी नसलो तर गिरणी बंद पडेल," असं मी जेवताना सहज म्हणालो. सायली म्हणाली, "कशावरून? तुमी तापाने चार दिवस झोपलेले तेव्हा रोज चालू होती." बायको ताटात बघून हसली. शेजाऱ्यांकडे भगत उतारा काढायला आला, तर तिथल्या पोरीने त्यालाही कशावरून विचारलं. भगत नारळ घेऊन निघून गेला. नारळ शेजाऱ्यांचा होता.

कहर म्हसा गावच्या जनावरांच्या जत्रेत झाला. आमच्या गावचे बाळूदादा बैल विकायला गेले, बरोबर पुतणी चैताली, सायलीच्याच वर्गातली. गिऱ्हाईक जमलं. बाळूदादा म्हणाले, "चारदाती हाय, कोवळा. दुधाचे चार अजून पडायचेत." चैतालीने बैलाचा खालचा ओठ ओढला, बोटाने मोजलं आणि म्हणाली, "काका, आठही मोठे हायेत." गिऱ्हाईक गेलं, बैल घरी आला. वाटभर बाळूदादा चैतालीशी बोलले नाहीत. बैलाशीही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीची बैठक. मी अध्यक्ष, कारण निवडीच्या दिवशी बाकीचे उशिरा आले होते.

"ह्यो मास्तर पोरांना खोटं शिकवतो," बाळूदादा गरजले. "बदली करा त्याची."

"पण दादा, चैताली खरंच बोलली ना?"

"तेच तं! घरच्या बैलाचं खरं बाहेर सांगायचं असतंय का?"

निम्म्या बैठकीने माना डोलावल्या. गुरुजी कोपऱ्यात बसून होते. सगळ्यांना कशावरून विचारणाऱ्या माणसाने त्या दिवशी कुणाला काहीच विचारलं नाही. अर्ज लिहून झाला. माझी सही राहिली. मी म्हटलं, त्यांचं ऐकल्याशिवाय करणार नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या खोलीवर गेलो, तर ते पिशवी घेऊन निघालेच होते.

"आज नाय जमणार. दर रविवारी उंबरमाळीला बहिणीकडे जातो."

मी वळलो, चार पावलं चाललो आणि थांबलो.

"गुरुजी, खोटं."

"कशावरून?"

"दर भाऊबीजेला आमच्या हिच्याकडून ओवाळून घेता. पहिल्या वर्षी पाटावर बसून तुम्हीच म्हणालात, आमी चार भाऊ, बहीण एकपण नाय."

गुरुजी हसले नाहीत. पायरीवर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि बोलू लागले.

त्यांची पहिली नोकरी उंबरमाळीकडच्या एका पाड्यावर. तिथे त्यांनी सर्पदंशाचा धडा शिकवला, चावलेल्या जागेच्या वर दोर करकचून बांधा. चाळीस पोरांनी वहीत उतरवून घेतलं. पावसाळ्यात त्यांतल्याच मंजुळाला साप चावला. तिने शिकवल्याप्रमाणे स्वतःच दोर बांधला. दवाखान्यात पोचायला अर्धा दिवस गेला. जीव वाचला, पाऊल कापावं लागलं. डॉक्टर गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाले, पाऊल विषाने नाही, दोराने गेलं.

"चाळीसातल्या एकानेपण कशावरून विचारलं नाय. मीपण नाय विचारलं. पुस्तकात होतं ना."

"मंजुळाला माहीत आहे?"

"ती सगळ्या पाड्याला सांगते, गुरुजींच्या दोराने वाचले. दर रविवारी खरं सांगायचं म्हणून जातो. ती चहा ठेवते. मी पिऊन परत येतो."

त्यांनी खिशातून लाल खडू काढून माझ्या हातावर ठेवला. पकडलं होतं ना मी.

अर्ज मी बाळूदादांना सहीविनाच परत केला. "सही?" ते म्हणाले. मी म्हटलं, "गुरुजी खोटं शिकवतात हे सिद्ध होत नाही. चैताली साक्षीला आहे." बाळूदादा अजून माझ्याशी बोलत नाहीत. बैलाशी मात्र बोलू लागलेत.

मग दर रविवारी संध्याकाळी मी आमच्या ओट्यावर उभा. "सांगितलंत?" "आज पाहुणे होते तिच्याकडे." "कशावरून?" की गुरुजींचा हात खिशात. असे माझ्याकडे पाच खडू झाले.

सहाव्या रविवारी ते लांबूनच म्हणाले, "सांगितलं."

मी सवयीने विचारलं, "कशावरून?"

ते माझ्याजवळ येऊन बसले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागले.

"सगळं ऐकून घेतलं तिने. चहा उतू गेला तरी उठली नाय. मग म्हणाली, दोर नसता बांधला तर पाऊल राहिलं असतं, हे कशावरून, गुरुजी?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मला येत नव्हतं उत्तर." चष्मा पुसून झाला होता, तरी त्यांनी तो घातला नाही. "पण त्या वर्गातल्या एकीने विचारलं बघा शेवटी."

मी हात पुढे केला. "माझा खडू?"

"तो तिला दिला," गुरुजी म्हणाले.