मोबाईलमधलं बंदर

आमच्या आळीत शिरणाऱ्या प्रत्येकाला दत्तूनाना थांबवायचे, हातभर लांबून त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरायचे आणि विचारायचे, "कंची होडी आधी दिसली?"

माणूस नवखा असेल तर तो खरोखरच होडी शोधायला लागायचा. होडी नसायचीच. काळ्या पडद्यावर चार-पाच रंगीत चौकटी असायच्या, एक फोनची, एक फोटोंची, एक हवामानाची. त्यांना सगळं जग अ‍ॅप म्हणतं, नाना होड्या म्हणतात. मोबाईलचा पडदा म्हणजे बंदर. ज्याच्या पडद्यावर अ‍ॅपांची दाटी असेल त्याला नाना ऐकवायचे, "बंदरात गर्दी लय केलीस. येळेला आपली होडी गावायची न्हाय." उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सोडायचे नाहीत. दूधवाला, कुरिअरवाला, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळे यातून गेलेत. उमेदवार बिचारा नानांना खूश करायला म्हणाला, "सगळ्याच दिसल्या, नाना." नाना म्हणाले, "मंग तुला कायच दिसलं न्हाय."

मी त्यांची शेजारीण. श्रीवर्धनला समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर आमची सुपारीची वाडी आहे आणि वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या. आमच्या आणि नानांच्या अंगणामध्ये कुंपण आहे, पण ते नावालाच. त्यामुळे नानांचा पहिला त्रास माझ्या पाहुण्यांना. माणसं शांततेसाठी आलेली, आणि सकाळी दात घासत बाहेर यायची तो समोर हे मोबाईल घेऊन उभे.

नानांनी जन्मभर होड्या रंगवल्या. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा यांचा हंगाम. नारळी पौर्णिमेच्या आत रंग वाळलाच पाहिजे. एखादा हौशी मालक फुलं काढा, गरुड काढा म्हणायचा. नाना त्याला उभं करायचे नाहीत. "फुलं कोन बघतो? रंग लांबून दिसाया हवा. घरची मानसं किनाऱ्यावर उभी असत्यात, त्यान्ला कळाया हवं आपली कंची ती." दोन होड्यांना एकसारखा रंग त्यांनी कधी दिला नाही. दोघं सख्खे भाऊ एकाच रंगासाठी हट्टाला पेटले, तर यांनी दोघांचं काम सोडलं. पुढे फायबरच्या होड्या आल्या, त्या रंग घेऊनच यायला लागल्या. त्यात गुडघ्यांनी दगा दिला. नाना घरी बसले आणि मग घरातल्या कोणाचं काही खरं उरलं नाही. तुळशीवृंदावन, विहिरीचा रहाट, माझी सायकल, जे जागचं हललं नाही ते त्यांनी रंगवलं.

मोबाईलचं खूळ लावलं माझ्याच एका पाहुणीनं. पुण्याची मुलगी, नखं फिकट गुलाबी आणि मोबाईलवरची सगळी चित्रंही तशीच फिकट गुलाबी. नानांनी ते पाहिलं आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "ह्ये रंगवता येतं?" मुलीनं हौसेनं दाखवलं, रिकाम्या जागी बोट दाबून धरायचं, हवं ते चित्र निवडायचं, खालच्या पट्टीवर बोट सरकवत रंग बदलायचा. सूर्यास्त बघायला आलेली ती मुलगी, सूर्य बुडून गेला तरी नानांच्या होड्या रंगवत बसली होती. जाताना मला म्हणाली, "काका किती गोड आहेत!" आणि घरी जाऊन आमच्या जागेबद्दल लिहिलं, शांतता कमी आहे.

पुढे नाना एकटेच सुटले. मोबाईल माडाच्या खोडाला सुतळीनं बांधायचा आणि त्याच्याकडे बघत उलट्या पावलांनी मागे जायचं, कुठपर्यंत कुठला रंग दिसतो ते बघायचं. असं मागे जाता जाता एकदा आमच्या पाटात बसले, धोतरासकट. मी धावले, तर पाण्यातूनच म्हणतात, "हिरवा गेला गो. नारिंगी अजून हाय." एकदा माझाच मोबाईल न विचारता रंगवून ठेवला. दारात पाहुणे निघायच्या घाईत, आणि मला पैसे घ्यायचं अ‍ॅप सापडेना. नानांनी ते लालभडक केलं होतं, कारण पैशाच्या जागी धोक्याची खूण हवी. मी चांगली झाडली त्यांना. ऐकून घेतलं आणि मान वाकडी करून विचारलं, "पन लाल उठून दिसतो, व्हय का न्हाय?"

दिसत होता, काय सांगू!

आळी त्यांना हसते, पण तोडून कोणी बोलत नाही. कारण हे सगळं शेवंतीकाकींसाठी चाललंय हे आम्हाला ठाऊक आहे.

काकी म्हणजे नानांची बायको. त्यांची साखर जुनी, तिनं डोळ्यांचे पडदे खाल्ले. मुंबईच्या खेपा झाल्या, लेझर झालं, डोळ्यांत इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर जपा. काकींच्या हातून एकेक काम जायला लागलं. आधी मासे साफ करणं गेलं, मग गजरे ओवणं, मग चूल. आता औषधाच्या गोळ्यासुद्धा नाना तळहातावर ठेवतात. एक गोष्ट मात्र काकींनी कोणाच्या हाती दिली नाही. सकाळच्या चहाबरोबर तळा गावात राहणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन करायचा आणि तो आपल्या हातानं लावायचा.

"लावून दिलेल्या फोनवर म्हाताऱ्याची गाऱ्हानी कशी सांगू?" काकी म्हणतात. "त्यो तितंच हुबा असतो." हे हसून सांगतात, आणि मग हसू ओसरतं. "बाय, आंघोळीच्या पान्यापासून सगळं दुसऱ्याच्या हातचं झालं. येवढं एक तरी माझं ऱ्हाऊ द्या."

मी सुचवून पाहिलं की हल्ली तोंडानं सांगितलं तरी फोन लागतो. काकी म्हणाल्या, "भिताडाशी बोलल्यासारखं? म्हातारी येडी झाली म्हनतील." विषय संपला.

म्हणून नानांनी काकींच्या मोबाईलवरचं सगळं काढून टाकलं आणि खाली डाव्या कोपऱ्यात बहिणीच्या फोनची एकच चौकट ठेवली. ती काकींना दिसली पाहिजे, एवढाच त्यांचा ध्यास. पिवळा काही दिवस चालला. मग काकी म्हणाल्या, अंधूक दिसतोय. मग लाल, मग पांढरा. बाकीच्या जगाला कुठला रंग आधी दिसतो हे नाना एवढ्यासाठी विचारत फिरायचे. पहाटे ओटीवर बसून चौकट नव्यानं रंगवायची, मोबाईल काकींच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, "आज कसा दिसतोय?" काकींनी रंगाचं नाव घेऊन "झाक दिसतोय" म्हटलं की नाना दिवसभर खुशीत.

यंदाचा पाऊस सरल्यावरची गोष्ट. सकाळी मी घावन घेऊन गेले होते. नाना न्हाणीघरात होते. काकींनी माझं मनगट चाचपडत धरलं आणि हळूच विचारलं, "बाय, आज कंचा रंग लावलाय गो?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, माझ्या शेजारच्या खांबाकडे होती.

"काकी, अहो दिसत नाही का?"

"कवाचं न्हाय दिसत. कोपरा आंगठ्याला ठाव हाय, फोन लागतो. पन म्हातारा इचारतो ना. दिसत न्हाय म्हटलं तर त्यानं उद्यापासून काय करावं? सांग की, त्यो येईल."

"जांभळा," मी म्हणाले. घरी येऊन पदर तोंडाला लावून रडले, खोटं कशाला सांगू. त्यानंतर रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून जायचं, ओटीवरचा मोबाईल बघायचा आणि काकींच्या कानात रंग सांगायचा, हे माझं काम झालं.

आणि मग तो दिवस आला. मी सकाळी पाहिलं तेव्हा चौकट निळी होती. तसं काकींना सांगितलं आणि चहा ठेवायला घरी गेले. तेवढ्यात नाना आंघोळ करून आले असावेत आणि निळा मनास आला नसावा. मी चहा घेऊन परत गेले, तर नाना काकींपुढे मोबाईल धरून उभे होते आणि चौकट होती नारिंगी.

"आज कसा दिसतोय?"

मी तोंड उघडेपर्यंत काकी बोलूनसुद्धा गेल्या. "निळा. झाक दिसतोय, समुद्रागत."

नानांनी मोबाईलकडे बघितलं, काकींकडे बघितलं, मग माझ्याकडे. नानांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"व्हय," ते म्हणाले. "निळाच हाय."

मोबाईल त्यांनी काकींच्या हातात दिला. काकींचा अंगठा कोपऱ्यात गेला, फोन लागला आणि कालचं कालवण किती खारट होतं याची गाऱ्हाणी सुरू झाली. नाना ओटीच्या कडेला येऊन बसले. मीही बसले. आत काकी हसत होत्या.

फोन संपल्यावर नाना उठले, आतून मोबाईल घेऊन आले, पुन्हा तिथंच बसले आणि बोट सरकवू लागले. नारिंगीचा रंग गडद झाला, जांभळ्याकडे झुकला, मग निळा झाला.

"नाना, आता कशाला?" मी विचारलं.

"ती निळा म्हनाली ना," नाना म्हणाले. "कोन आलंगेलं बघंल. ती खोटी पडाया नको."

त्या दिवसापासून नाना कोणाला थांबवत नाहीत. मीही रंग सांगायला जात नाही, कारण गरज उरली नाही. सकाळी रंगवून झालं की नाना ओटीवर उभे राहतात आणि कुंपणापलीकडून मला हाक मारतात, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी. "आज हिरवा लावलाय गो! पोपटी न्हाय, गर्द हिरवा!" मीही इकडून मोठ्यानं "बरं, नाना" म्हणते. मग नाना आत जातात. त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू येत नाही, पण काकींचं उत्तर येतं.

"हिरवा व्हय? बरा केलास. कालच्यापरीस झाक दिसतोय."