सुटल्याचं कोण सांगणार?

गुंडोराव नाडगीरांना चुकीच्या जागी पडलेल्या स्वल्पविरामाचा राग येई; पण रिकामा सोडलेला रकाना त्यांना अपमानासारखा झोंबे. स्वल्पविरामाने घोटाळा केला असता तर तो पानाच्या कडेला मिटला असता. घोटाळा केला तो रकान्याने.

कन्नड राजधानीच्या इंदिरानगरात, एका सरकारी नियोजन कार्यालयात बसून त्यांनी अकरा वर्षे एकच ग्रंथ रचला होता. अणुवीज प्रकल्पात अपघात झाला तर आसपासच्या गावांनी काय करावे, कोणी कोणाला कळवावे, लोकांना कोठे आसरा द्यावा, याचा चारशे बारा पानांचा आराखडा. तो उघडण्याची वेळ कधी न येणे हेच त्याचे सार्थक, असे ते म्हणत. मात्र म्हणताना त्यांचा आवाज किंचित पडे. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. तत्पूर्वी सराव-परीक्षा पार पडून दिल्लीची मोहोर उमटली तर ठीक, नाहीतर आराखडा 'फेरविचारार्थ' परत येणार आणि त्यांच्या खुर्चीत बसणारा नवा गृहस्थ तो पुन्हा लिहिणार. तोही अखंड वाक्ये मोडून, मुद्द्यांपुढे ठिपके देऊन. त्या ठिपक्यांच्या विचाराने त्यांना आठवडाभर अन्न गोड लागले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला निरीक्षक यशोवर्धन नियंत्रण कक्षात येऊन बसले. ते दिल्लीहून आले असले तरी मूळचे नागपूरचे होते, त्यामुळे इंग्रजीच्या आडोशाला लपण्याची सोय उरली नव्हती. पुण्याहून दोनच महिन्यांपूर्वी आलेली कनिष्ठ सहकारी स्मृती यादीतले क्रमांक स्पीकरवर फिरवू लागली. अग्निशमन केंद्राचा क्रमांक अस्तित्वात नसल्याचे एका ध्वनिमुद्रित बाईने तीन भाषांत सांगितले. रुग्णालयाचा फोन गुंतलेला होता. बस आगारातल्या माणसाने "साहेब राउंडला गेलेत" एवढे सांगून फोन ठेवला.

"मागच्या वर्षीपर्यंत हे सगळे क्रमांक अचूक होते," गुंडोराव म्हणाले.

"अपघात मागच्या वर्षी व्हायला हवा होता म्हणजे," यशोवर्धन म्हणाले. "आता समन्वय कक्ष. सगळ्यात महत्त्वाचा."

"पान तीनशे अठरा," स्मृतीने वाचले. "झीरो एट झीरो, टू थ्री थ्री सेव्हन..."

तो क्रमांक गुंडोरावांनी ओळखला. समन्वय कक्षाला इमारत मिळायची होती, तोवर तो रकाना मोकळा ठेवणे त्यांच्या जिवावर आले होते, म्हणून एका संध्याकाळी त्यांनी तेथे आपल्या यशवंतपूरच्या घरचा क्रमांक तात्पुरता, पेन्सिलीने लिहिला होता. टंकलेखकाला पेन्सिल आणि शाई यांतला भेद दिसला नव्हता. इमारत अजून मिळायचीच होती.

"थांब, स्मृती, तो क्रमांक..."

पण पहिल्याच घंटेला फोन घेतला गेला. त्यांच्या पत्नी कमलाबाई त्या वेळी सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक करत होत्या. अशा वेळी त्या फोनला हात लावत नसत. त्यासाठीच राखलेल्या वेळूच्या काठीने स्पीकरचे बटण दाबत आणि शेगडीपाशी उभ्या राहून बोलत. फोन तर सतत येत. कोणाला सुतक किती दिवसांचे, ग्रहणाचे वेध केव्हा लागतात, अशा शंका अर्धे यशवंतपूर त्यांनाच विचारी.

"हलो, यारु?"

"नमस्कारा मॅडम, नानु कंट्रोल रूम..." स्मृतीचे कन्नड तेथेच संपले.

"मराठी का ग तू? मग सरळ मराठीत सांग की. लांबनं सांग पण, मी मडीत आहे."

"मडीत म्हणजे?" यशोवर्धनांनी हळूच विचारले.

"संरक्षक पोशाखात," गुंडोराव म्हणाले. आणि सोवळ्याला हे नाव देताना आपण खोटे बोललो की नुसते भाषांतर केले, हे त्यांचे त्यांनाच ठरवता येईना.

स्मृतीने ठरलेला मजकूर वाचला. "हा सराव आहे. प्रकल्पातून किरणोत्सर्गी वाफ बाहेर पडली आहे. वारा तुमच्या दिशेने आहे. आपली कार्यवाही सांगा."

"सराव म्हंजे काय ग?"

"म्हणजे खरं नाहीये, पण खरं असल्यासारखं सगळं करायचं."

"सरी. ही वाफ दिसते?"

"नाही."

"वास?"

"तोही नाही."

"पण अंगाला लागते."

"हो. कपड्यांना, केसांना, सगळ्याला."

"मग ओवळ्यासारखंच झालं की! त्यात एवढं काय? घे लिहून."

यशोवर्धनांनी पेनाचे टोपण काढले.

"बाहेर असतील त्यांनी आधी आत यायचं. दारं-खिडक्या लावायच्या. पाणी, दूध, शिजवलेलं सगळं झाकायचं. उघडं राहिलेलं तोंडात घालायचं नाही. मागनं बाहेरून कोण आलं तर कपडे मागच्या दारी काढायचे, वेगळे बांधून ठेवायचे, डोक्यावरनं पाणी घेऊन मग आत. आणि तोवर कशाला म्हणून शिवायचं नाही."

"आणि आयोडिनच्या गोळ्या, मॅडम?"

"डॉक्टर सांगितल्याशिवाय गोळी कशाला? सांगितले तर पोरांना आधी."

मागे कुकरने दणदणीत शिटी दिली. 'भोंगा: कार्यरत,' यशोवर्धनांनी टिपून घेतले.

आपले नववे प्रकरण इतक्या थोड्या वाक्यांत मावते, हे गुंडोरावांना नव्याने कळत होते. त्यात वगळण्याजोगा शब्द नव्हता, याचे त्यांना अधिक वाईट वाटले.

"मी एक विचारू का ग?" कमलाबाई म्हणाल्या. "सुटल्याचं कोण सांगणार?"

"म्हणजे?"

"ग्रहण केव्हा सुटतं ते पंचांगात असतं. सुतक केव्हा फिटतं तेही ठरलेलं असतं. ह्या तुमच्या वाफेसाठी कोंडलेली माणसं बाहेर कधी सोडायची? कोणी सांगायचं? की बसायचं तशीच, वर्षभर?"

स्मृतीने अनुक्रमणिका चाळली, मग परिशिष्टे चाळली, मग पुन्हा अनुक्रमणिका. लोकांना आत घेण्याची चोवीस कलमे होती. बाहेर सोडण्याचे एकही नव्हते.

"कळवते, मॅडम," ती पुटपुटली आणि तिने फोन ठेवला.

"अकरा वर्षांत हा प्रश्न तुम्हाला पडला नाही, नाडगीर?" यशोवर्धन म्हणाले.

"रिकामा रकाना मला लांबून दिसतो, साहेब. हा आखलेलाच नव्हता." गुंडोरावांनी चष्मा काढून पुसला. मोहोर आता हुकलीच होती. निदान असत्य विधान तरी ग्रंथात राहू नये. "आणखी एक. तो समन्वय कक्ष नाही. ते माझं घर आहे. त्या माझ्या पत्नी."

यशोवर्धनांनी आपले टिपण पुन्हा वरपासून वाचले.

"सबंध यादीत एकाच फोनवर कामाचं उत्तर मिळालं, नाडगीर. कक्षाला इमारत मिळेपर्यंत तो क्रमांक बदललात तर आराखडा परत पाठवीन. आणि उद्या सकाळी मला पान चारशे तेरा हवं. सुटल्याचं कोण सांगणार, ते नावानिशी. ते पान आलं तर मोहोर."

संध्याकाळी मेट्रोतून उतरून गुंडोराव आपल्या गल्लीत शिरले, ते मनात पान चारशे तेराची सुरुवात जुळवीत. 'सक्षम अधिकाऱ्यामार्फत यथावकाश सूचित करण्यात येईल' हे वाक्य त्यांना चांगले वाटत होते. मग त्यांच्या लक्षात आले की गल्लीत चिटपाखरू नाही. सगळ्या खिडक्या बंद होत्या. फुलवाल्या शिवाप्पाची गाडी ओल्या पोत्याखाली झाकून एकटीच उभी होती. खुद्द शिवाप्पा नाडगीरांच्या दिवाणखान्याच्या काचेआड दिसला.

"सार, बाहेर थांबू नका!" तो आतून ओरडला. "अक्का रागावतात, बैतात! मी सकाळपास्नं इथंच. दोनदा जेवलो!"

"थांबा तिथंच," कमलाबाईंचा आवाज आला. "मागच्या दारी या. बादली भरून ठेवलीय."

"अगं, सराव होता तो! सकाळीच संपला!"

"खरं असल्यासारखं करा म्हणाली ती पोरगी. मी गल्लीभर निरोप दिला. संपल्याचा फोन कुठं आलाय?"

"मी सांगतोय ना!"

"तुम्ही बाहेरनं आलाय. बाहेरच्याचं ऐकून दार काय म्हणून उघडायचं?"

वाद घालण्यात गुंडोराव कोणाला हार जात नसत. पण हा युक्तिवाद त्यांच्याच पान दोनशे सहावरचा होता. ते मुकाट्याने मागच्या दारी गेले. कपडे काढून वेगळे बांधले, डोक्यावरून पाणी घेतले आणि पंचा गुंडाळून पायरीवर कुडकुडत उभे राहिले. मग त्यांनी पिशवीतला मोबाइल काढून पान तीनशे अठरावरचा क्रमांक फिरवला. भिंतीपलीकडे घंटा वाजली.

"हलो, यारु?"

"नियंत्रण कक्ष," गुंडोराव म्हणाले. "वाफ ओसरली आहे. सर्वांना सोडण्यात यावे."

"सरी. लिहून घेते. कोण सांगतंय?"

अकरा वर्षे गुंडोरावांच्या आराखड्यात सूचित करण्यात येत होते, कळविण्यात येत होते, सोडण्यात येत होते. कोणीच काही करत नव्हते.

"मी सांगतोय," ते म्हणाले. "गुंडो नाडगीर. माझ्या जबाबदारीवर."

आतून कडी निघाली. शिवाप्पा बाहेर धावला, आणि एकामागून एक गल्लीतल्या खिडक्या उघडू लागल्या.

कोरडे होऊन गुंडोराव स्वयंपाकघरात आले, तेव्हा कमलाबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या मागे केलेली नोंद ओट्यावर पडली होती. वेळ, घरे, माणसे, सगळे पट्टी लावून आखलेल्या रकान्यांत होते. सुटल्याचे सांगणाऱ्याच्या नावाखालची जागा तेवढी मोकळी होती.

"हा रिकामा का?"

"चौतीस वर्षांत तुमचं नाव घेतलं नाही मी," कमलाबाई म्हणाल्या. "आता गल्लीच्या कागदावर लिहू? भरा तुम्हीच."

कागदाशेजारी पेन्सिल होती. गुंडोरावांनी ती बाजूला सारली आणि पिशवीतून शाईचे पेन काढले.